कायमचा पत्ता

आमच्या लहानपणी आठवड्याला शेवट नव्हता. शनिवार यायचा, रविवारही यायचा, पण ते आपले आठवड्याचे दिवस म्हणूनच येत. शनिवारी सकाळची शाळा आणि मारुतीला तेल, रविवारी केस कापणं आणि राहिलेला गृहपाठ, एवढ्यात दोघंही आटोपत. 'विकेंड' नावाची वस्तू मला बँकेच्या नोकरीत मिळाली, आणि तीही उशिरा. १ सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी सुरू झाली; त्या बदल्यात उरलेल्या शनिवारी पूर्ण दिवस काम. यातली पहिली गोष्ट साऱ्या गावाला पाठ आहे आणि दुसरी कोणालाच माहीत नाही. त्यामुळे "तुम्हाला काय बुवा, सारख्या सुट्ट्या!" हे वाक्य ऐकून घेतल्याशिवाय बँकेतल्या माणसाला मंडईत पावशेर मिरच्यासुद्धा मिळत नाहीत.

पण सुट्टी मिळाली म्हणून ती घालवण्याची अक्कल तिच्याबरोबर मिळत नाही. अगदी पहिल्या सुट्टीच्या शनिवारी मी सवयीनं डबा घेऊन बँकेपर्यंत गेलो, कुलूप पाहिलं, समोरच्या हॉटेलात बसून डबा खाल्ला आणि संध्याकाळी नेहमीसारखा दमून घरी आलो. हे हिला कळल्यावर हिनं माझे दोन्ही शनिवार ताब्यात घेतले. तेव्हापासून दुसऱ्या शनिवारी पाण्याची टाकी धुणं आणि चौथ्या शनिवारी धान्याला ऊन देणं, अशी माझ्या विकेंडची व्यवस्था लागली. २०२४ च्या मे महिन्यात कलेक्टरचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर गव्हात बसलो होतो.

कलेक्टर हा कलेक्टर नाही. बीडला कॉलेजात तो माझ्याबरोबर बी.कॉम.ला होता. आमच्याकडे पदवी हातात पडली की स्पर्धा परीक्षेला बसायचं असतं. त्याप्रमाणे तो बसला आणि सहा वर्षं बसूनच राहिला. पुस्तकं पाठ झाली, डोक्यावरचे केस गेले, पण यादीत नाव काही आलं नाही. शेवटी उठला आणि माजलगावला खता-बियाण्यांचं दुकान टाकलं. दुकान उत्तम चाललं, नाव मात्र कलेक्टरच राहिलं. खरे कलेक्टर दोन-तीन वर्षांत बदलून जातात. हे वीस वर्षं त्याच खुर्चीवर आहेत.

"ऐक," तो म्हणाला, "येत्या शनिवारी सुट्टी हाय ना तुला? सगळे जण मुक्कामी या. तळ्याकाठी बंगला बांधलाय."

मी गव्हातून उठून उभा राहिलो. तळ्याकाठी बंगला माझ्या माहितीत फक्त हिंदी सिनेमातल्या नायकाच्या मित्राचा असतो. नायक तिथं पांढरा स्वेटर घालून जातो आणि जन्मात कधी टाकी धुतली नसल्यासारखा पाण्याकडे बघत राहतो.

"तळं कुठलं?" मी विचारलं.

"कुठलं म्हंजे? धरण की आपलं, माजलगावचं! घरासमोर पाणीच पाणी. नावच ठेवलंय बंगल्याचं, लेक व्ह्यू."

आणि फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "आन् अण्णांनी सांगितलंय, बँकवाल्याला आठवणीनं आण. त्याला एक पुरावा दावायचा हाय."

माझा स्वेटर तिथंच उतरला.

अण्णा म्हणजे कलेक्टरचे वडील. त्यांचं आणि माझं एक जुनं खातं होतं, आणि त्यात बाकी माझ्याकडे निघत होती. तीन वर्षांपूर्वी मी माजलगावच्या शाखेत काउंटरवर होतो. खातेदारांची माहिती नव्यानं भरून घेण्याचं काम चालू होतं, आणि रांग दाराबाहेर बाभळीपर्यंत गेली होती. अण्णांनी फॉर्म पुढे सरकवला. 'सध्याचा पत्ता' या रकान्यात पुनर्वसनाच्या गावाचं नाव होतं. खाली 'कायमचा पत्ता' या रकान्यात जुनं गाव, मारुतीच्या पारामागं, असं वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं.

"हे गाव कुठं आहे, अण्णा?" मी विचारलं.

"हाय तिथंच हाय. पाण्याखाली."

"पत्त्याचा पुरावा लागेल."

"पुरावा उन्हाळ्यात दावतो."

रांगेत हशा पिकला. मीही हसलो, आणि फॉर्म परत दिला. "दोन्हीकडे नवाच पत्ता लिहा," म्हणालो. नियम तसा होता की मला तो तसा वाटला, हे आज सांगता येणार नाही. रांग मोठी होती एवढं आठवतं. अण्णांनी माझंच पेन मागून घेतलं, जुन्या गावावर एक सरळ रेघ मारली आणि वर नवं नाव लिहिलं. मग विचारलं, "कायमचा म्हंजे किती वर्षांचा असतो, साहेब?"

कॉलेजात असल्यापासून अण्णा मला अरे-तुरे करत. सुट्टीत त्यांच्या घरी मी महिना-महिना भाकरी खाल्ली आहे. ते पहिल्यांदा मला 'साहेब' म्हणाले ते त्या दिवशी. तिथंच मला कळायला हवं होतं. पण मी "नेक्स्ट" म्हणालो.

इकडे घरात तयारी जोरात चालली होती. हिनं सुभाष रोडवरून रुंद काठाची टोपी आणली, आणि माझ्यासाठी एक फुलाफुलांची अर्धी चड्डी. माझ्या गुडघ्यांनी शाळा सुटल्यापासून ऊन पाहिलेलं नाही, असं मी सांगून पाहिलं. "तळ्याकाठी असंच घालतात," ही म्हणाली. कन्येनं तळ्याचं चित्र काढण्यासाठी रंगपेटी आणि निळ्या रंगाच्या दोन जादा नळ्या घेतल्या. चिरंजीवांनी पाण्यात तरंगणारं हवेचं पिवळं बदक मागवलं आणि शुक्रवारी रात्री गळतं का बघायला म्हणून फुगवलं. ते गळलं नाही. इतकं गळलं नाही की त्याचं बूच परत उघडेनाच. सकाळी आमच्या लहानग्या गाडीत पुढे मी आणि ही, मागे दोन मुलं आणि मधे खिडकीबाहेर मान काढलेलं बदक, अशी आमची वरात निघाली.

तो २५ मे होता. रोहिणी लागत होत्या. ऊन टाळायला सहालाच निघालो, तरी वडवणीला चहाला थांबलो तेव्हा गाडीचा पत्रा तव्यासारखा झालेला होता. हॉटेलवाल्यानं बदक सगळ्या बाजूंनी पाहिलं.

"कुठं निघालाव?"

"धरणावर. माजलगावला."

त्यानं एकदा बदकाकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे, आणि सावकाश म्हणाला, "जावा. पर बदकाला लई चालावं लागंल."

तेलगाव मागे टाकलं, माजलगाव आलं, मग कच्चा रस्ता लागला. एका लिंबाखाली पत्र्याच्या छताच्या दोन खोल्या, पुढे कोब्याचा ओटा आणि ओट्यावर पाटी: 'लेक व्ह्यू'. ही पाटी लागल्यापासून कलेक्टरला एक नवाच त्रास सुरू झाला होता. येणारा-जाणारा विचारायचा, "लेकीच्या नावावर केला का बंगला? पण लेक तर तुला नाही!" शेवटी त्यानं खाली खडूनं 'तळं' असं लिहून ठेवलं होतं.

तळं लिहिलेलं तेवढंच. गाडीतून उतरून आम्ही सगळे बंगल्यासमोर ओळीनं उभे राहिलो. समोर भेगाळलेली, करड्या रंगाची जमीन नजर पोचेल तिथपर्यंत पसरली होती. तीत शेळ्या चरत होत्या. हिनं टोपी नीट केली. कन्येनं हातातल्या निळ्या नळीकडे पाहिलं.

"तळं कुठाय?" चिरंजीवांनी विचारलं.

कलेक्टरनं हात लांब केला. "त्ये काय!"

फार लांब, जिथं आभाळ टेकतं तिथं, चमच्याच्या कडेसारखं काहीतरी चमकत होतं.

"मागच्या दिवाळीत तारेपासून दगड मारला तर पाण्यात पडायचा," कलेक्टर म्हणाला. "जरासं मागं सरकलंय."

त्या जरा सरकण्याचा हिशेब त्यानं मला ओट्यावर बसून समजावून सांगितला, आणि वाणिज्य शाखेत घालवलेली तीन वर्षं प्रथमच कामी आली. सिंदफणा नदीवरचं हे धरण १९८७ साली पुरं झालं. एकूण साठा ४५४ दशलक्ष घनमीटर. पण त्यातले १४२ मृतसाठ्याचे. हाताशी धरायचे ते ३१२. म्हणजे पासबुकावर ४५४ दिसले तरी १४२ हा मिनिमम बॅलन्स. सिंदफणेचा भरणा बेभरवशाचा, म्हणून पैठणच्या नाथसागरातून उजव्या कालव्यानं इकडे पाणी आणण्याची सोय केलेली आहे. नाथसागर हे आमचं हेड ऑफिस. तिथून फंड आला तर शाखा चालायची. २०२३ साली पावसानं हात आखडता घेतला आणि त्या उन्हाळ्यात हेड ऑफिसचीच तिजोरी तळाला गेली. वर्तमानपत्रात माजलगावचा साठा 'उणे' टक्क्यांत छापून येऊ लागला. पाणी उणे कसं असेल, असं लोक विचारत. मी मात्र ओळखलं. हा ओव्हरड्राफ्ट.

दुपारी बारा वाजता बंगल्यावर टँकर आला. तळ्याकाठच्या घराला टँकरनं पाणी, हे बघून मला हसू आलं. पण वहिनींनी घागरी, कळश्या आणि पातेली ज्या शिस्तीनं ओळीत लावली, ती पाहून ते तोंडातच राहिलं. पाण्याला हसायचं नसतं, हे आमच्या जिल्ह्यात लहान पोरांनाही कळतं. केज तालुक्यात धनेगावला मांजरा नदीवरचं धरण आहे. ते आटलं म्हणून एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून पाणी आणावं लागलं, आगगाडीनं. त्या वेळी आमच्या बीडला आगगाडी यायची होती, ती २०२५ साली आली. पाहुणे जाऊन टेकतात तिथं पाणी रेल्वेनं जातं आणि आपण एसटीनं, असं तेव्हा आम्ही म्हणायचो.

घरात कूलर होता. कूलरला पाणी लागतं, म्हणून तो नुसताच गरम वारा देऊन कर्तव्य करत होता. तळ्याकाठची शांतता म्हणावी, तर समोरच्या पोटात जेसीबी धडधडत होते. पाणी सरकलं की शेतकरी तळाचा गाळ खणून शेतात नेतात. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' अशी सरकारी योजनाच आहे. दिवसभर ट्रॅक्टर भरून जात होते आणि धूळ आमच्या पन्ह्यात पडत होती. बोटिंगची हौस चिरंजीवांनी गाळाच्या ट्रॅक्टरवर चार फेऱ्या मारून भागवली. मी फुलाफुलांची चड्डी घालून ओट्यावर आलो, तर एक ट्रॅक्टरवाला थांबला, त्यानं मला निरखलं, आणि कलेक्टरला हळूच विचारलं, "पावणे बरे हायेत ना?"

आणि अण्णा? अण्णा लिंबाखाली बाजेवर बसून होते. मी पाया पडलो तर म्हणाले, "या साहेब." पाणी प्यालो तर म्हणाले, "बसा साहेब." जेवताना म्हणाले, "लाजू नका साहेब." पुरावा निघेना. कारकुनाला नुसत्या कागदाची भीती नसते. न निघालेल्या कागदाची असते.

ऊन कलल्यावर आम्ही पाणी शोधायला निघालो. अर्धा-पाऊण तास चालणं. वाटेत काळ्या पाइपांच्या ओळीच ओळी पाण्याच्या मागं धावत गेल्या होत्या. पाणी हटेल तसा एकेक तुकडा जोडत जायचं. काही ठिकाणी ओल्या गाळात टरबुजाचे वेल पसरलेले होते. तळं मागं सरकतं तशी त्याच्या पावलावर पाऊल टाकून केलेली ही पेरणी, तिला गाळपेर म्हणतात. ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या, त्यांतले काही असे उन्हाळ्यापुरते पुन्हा तिथंच पेरायला येतात.

अखेर पाणी भेटलं. आधी घोट्याएवढा चिखल, मग गुडघ्याएवढा, आणि मग पाणी. माझी अर्धी चड्डी तेव्हा पहिल्यांदा शहाणपणाची ठरली. मासेमारी करणारा एक जण थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं ओढत होता. त्यानं चिरंजीवांचं बदक दोरीनं मागं बांधलं आणि एक फेरी मारून आणलं. पिवळं बदक, पांढरा तराफा आणि मागं मावळतीचा सूर्य. कन्येनं चित्र काढलं, त्यात निळा रंग एक बोटभर लागला.

रात्री वहिनींनी येसराची आमटी, ज्वारीच्या भाकरी, ठेचा, कुरडया आणि आमरस असं वाढलं, की दिवसभराच्या तक्रारी मी परत घेतल्या. अंगणात गोधड्या टाकल्या. वारा सुटला होता. डोळा लागणार तोच अंधारातून आवाज आला, "साहेब, पाचाला उठायचं. पुरावा दावायचा हाय."

मला झोप लागली नाही. आपण कधी कुणाचे पैसे चुकीच्या खात्यात टाकले का, हे मी पहाटेपर्यंत आठवत होतो.

पाच वाजता अण्णा धुतलेलं धोतर नेसून, काठी घेऊन तयार. कलेक्टरच्या हातात थर्मास. ही उठली होती, तीही निघाली. मुलं निघाली, म्हणून बदकही निघालं. कालच्या वाटेनं नाही, डाव्या हाताला. अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. मधे एकदा दम लागला तर बसायला दगडसुद्धा नव्हता. चिरंजीवांनी बदक पुढे केलं. अण्णा त्यावर टेकले, बदकानं लांबलचक आवाज काढला, आणि कलेक्टरनं दुसरीकडे तोंड फिरवलं. त्या बदकाचा कुणाला खरा उपयोग झाला तो तेवढाच.

उजाडताना समोर गाव दिसलं.

गाव म्हणजे गावाचा नकाशा. माळवदाच्या मातीच्या भिंती पाण्यानं केव्हाच विरघळल्या होत्या. निघताना लोकांनी दारं, चौकटी, तुळया उपटून नेल्या होत्या. राहिली होती ती दगडी जोती. रांगेनं, मधे बोळ सोडून, जशीच्या तशी. एक आड गाळानं तोंडापर्यंत भरलेला. एक पार, त्यावर मारुती नव्हता. तो गावाबरोबर नव्या जागी गेला होता. अण्णांची चाल बदलली. काठी हातात नुसती राहिली. इतका वेळ ठेचकाळणारा म्हातारा त्या दगडांतून अंधारात स्वयंपाकघरात जावं तसा चालत होता. डावीकडे कुणाचं घर, उजवीकडे कुणाचं, कुणाची म्हैस कुठं बांधलेली असायची, हे सांगत तो पारामागं गेला आणि एका लांब दगडापाशी थांबला.

ही त्याच्या मागोमाग दगड ओलांडणार, तोच अण्णा म्हणाले, "पोरी, चपला काढ. घरात चाललीस."

हिनं चपला काढल्या. आम्ही सगळ्यांनी काढल्या. आभाळाखाली उघड्यावर, भेगाळलेल्या गाळात, एका दगडाच्या अलीकडे पाच-सहा जोड चपला ओळीनं लावल्या गेल्या. चिरंजीवांनी बदकही बाहेर ठेवलं.

"ही ढाळज. इथं पावणेरावळे बसायचे. ह्ये बळदाचं तोंड, दरसाल ज्वारीनं भरायचं. इथं मपल्या मायचं जातं. आन् हा," त्यांनी कलेक्टरकडे बोट केलं, "हा इथं झाला. मधल्या खोलीत."

माजलगाव तालुक्याचा कलेक्टर त्या मधल्या खोलीत खाली मान घालून उभा होता. निघाले तेव्हा तो तीन वर्षांचा. त्याला त्या घरातलं काहीच आठवत नाही, हे त्यानं मला पूर्वी एकदा सांगितलं होतं. दरवर्षी पाणी हटलं की तो सोबत येतो आणि काय काय आठवतं ते वडिलांना विचारत राहतो. तळ्याकाठी बंगला त्यानं कशासाठी बांधला, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. लोक पाणी दिसावं म्हणून काठावर घर बांधतात. यानं पाणी गेल्यावर जे दिसतं, त्याच्यासाठी बांधलं होतं.

अण्णा ढाळजेच्या जागी मांडी घालून बसले. शेजारच्या जागेवर हात आपटून म्हणाले, "ये रे, बस. हा घे पुरावा."

'ये रे' ऐकलं आणि मला काय झालं सांगता येत नाही. मी बसलो. "अण्णा," म्हणालो, "तो फॉर्म मी परत द्यायला नको होता."

"तुझं बी खरं व्हतं की," अण्णा म्हणाले. "इथं टपाल आणून कोण देणार? पाण्यात बुडायचा बिचारा."

थर्मासमधला चहा कपांत ओतला गेला. घरी आलेल्या माणसाला चहा दिल्याशिवाय सोडायचं नाही, म्हणून वहिनी दरवर्षी थर्मास भरून देतात. चहा पिताना हिनं विचारलं, "अण्णा, पाऊस आला की हे सगळं परत पाण्यात जाणार. वाईट वाटतं ना?"

अण्णांनी बराच वेळ कपात पाहिलं. "पाऊस तर पायजेच, पोरी. लोकं दारोदार घागरी घेऊन फिरतेत. म्या रोज मागतो पाऊस. फकस्त मागताना येक डोळा इकडं असतो." मग एकदम माझ्याकडे वळून मिस्कीलपणे म्हणाले, "आन् तुमच्या बीडला नळाला पाणी कुठलं येतं रं?"

"इथलंच. या धरणातलंच."

"म्हंजे इतकी वर्षं तू मपल्या माळवदावरचं पाणी पितोस, आन् मलाच पुरावा मागतोस!"

सगळे हसले. मीही हसलो; पण बँकेत हसलो होतो तसा नाही. त्या पाण्यावर आमच्या घरात किती तक्रारी झाल्या होत्या. गढूळ आलं, कमी आलं, उशिरा आलं. ते कुणाच्या घरावरून येतं, हा रकाना आमच्या फॉर्मात नव्हता.

दुपारी परत निघालो. बदक तिथंच ठेवलं. एक तर ते मावत नव्हतं, आणि अण्णांना ते बसायला आवडलं होतं. गाडीत बराच वेळ कोणी बोललं नाही. वडवणीच्या अलीकडे मी हिला म्हटलं, "माणसाला कायमचा पत्ता म्हणून एक जागा हवी."

"मला काय सांगता?" ही म्हणाली. "माझा कायमचा पत्ता लग्नाच्या दिवशी दुपारी बारा वाजून काही मिनिटांनी बदलला. त्याचा पुरावा कोणी मागितला नाही, की बदलू का म्हणून विचारलं नाही."

मी आणखी हळू गाडी चालवू लागलो.

त्या पावसाळ्यात धरणात पाणी चढलं. कलेक्टरनं फोनवर एक फोटो पाठवला. लेक व्ह्यूसमोर खरोखरच लेक आलेला, आणि तारेला दोरीनं बांधलेलं पिवळं बदक पाण्यावर तरंगतंय. मी लगेच फोन केला.

"अण्णा कसे आहेत?"

"खुश हायेत. गावात पेढे वाटले पाणी आलं म्हणून. आता ओट्यावर बसलेत, तिकडंच बघत. काय म्हणाले माहितेय? म्हणाले, बँकवाल्याला सांग, पत्ता आठ महिन्यांसाठी बंद हाय."

मध्यंतरी कन्येच्या प्रवेशाचा अर्ज भरायला बसलो होतो. सध्याचा पत्ता लिहिला. खाली आला तो रकाना. वडिलांचं गावाकडचं घर विकून टाकलेलं. आत्ताचा फ्लॅट बँकेच्या कर्जावर. शेवटचा हप्ता जाईपर्यंत त्यावर माझ्यापेक्षा माझ्या मालकांचाच हक्क अधिक. त्याआधीच्या बदल्यांची गावं मोजली तर रकान्यात मावणार नाहीत. पेनाचं टोपण उघडून मी बसून राहिलो.

"लिहिलं का कायमचं?" आतून हिनं विचारलं.

"थांब जरा," मी म्हणालो. "उन्हाळ्यात सांगतो."